माझ्या भावाची शिक्षा

आजारपणाने माणूस मऊ होतो, असं मला भेटायला येणाऱ्या बहुतेकांनी सांगितलं. मी झाले नाही. दोन्ही किडन्या गेल्या, अंगावर सूज आली, केस विरळ झाले, पण राग होता तसाच राहिला. खरं तर वाढला. जे आत्ता कुठल्यातरी मशिनला जोडलेले पडले आहेत आणि ज्यांना रोज कुणीतरी येऊन सांगतंय की मनात काही ठेवू नका, माफ करून टाका, म्हणजे बरं वाटेल, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मला माफ न करता बरं वाटलं. ते कसं, एवढंच सांगायचं आहे.

रिपोर्ट

मी रोह्यात राहते. घरी ब्लाउज शिवते. माझे मिस्टर कंपनीत शिफ्टला जातात, मुलगी श्रुती तेव्हा बारावीला होती. दिवाळीच्या आधी कामाची घाई असते, म्हणून पाय सुजले ते मी मशिनवर बसून सुजले असं धरलं. उलट्या व्हायच्या त्या ॲसिडिटीवर घातल्या. अंगाला खाज सुटायची तर साबण बदलला. शेवटी एका गिऱ्हाइकाचं माप घेताना टेप हातातून पडली आणि ती उचलायला वाकले ती मी परत उठलेच नाही.

रोह्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि रिपोर्ट माझ्या हातात न देता मिस्टरांना आत बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. दार नीट लागत नव्हतं. फटीतून मला मिस्टरांची पाठ दिसत होती. ती पाठ हळूहळू पुढे वाकत गेली, तेव्हा मला कळलं.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "नवी मुंबईला जायचंय. आज." मी विचारलं, गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांचं काय. त्यावर ते माझ्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले आणि तिथेच, कंपाउंडरच्या समोर, रडले.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये मानेत नळी घातली आणि डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, किडन्या आकसल्या आहेत, परत येणार नाहीत. घरातल्या कुणाची मिळाली तर उत्तम. मिस्टरांना शुगर होती, रक्तगटही वेगळा. बाबा आता नाहीत. आई म्हातारी, तिला बीपी. उरला माझा भाऊ.

गडबचा सुपुत्र

किशोर माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. माझं माहेर गडबला. वालाच्या शेंगा काढायच्या दिवसांत आईबाबा शेतावर असायचे आणि मी शाळा बुडवून त्याला सांभाळायची. मोठा झाल्यावर त्याने सात सीटची गाडी घेतली. गावातल्या माणसांची शिफ्टला कंपनीत ने-आण करतो.

त्याच्याकडे मी मागितली नव्हती. तो स्वतःहून हॉस्पिटलमध्ये आला, माझ्या पलंगाच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "बाय, माझी एक घे. मला दोन काय करायच्यात." मिस्टर तोंड फिरवून खिडकीपाशी गेले. मी किशोरचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. मेले असते तर त्या क्षणी सुखाने मेले असते, इतकं मला भरून आलं होतं.

ही गोष्ट गावात पोचायला वेळ लागला नाही. शिवजयंतीला तिथल्या तरुण मंडळाने त्याला स्टेजवर बोलावून शाल-नारळ दिला. एवढ्यावर भागलं नाही. वडखळच्या नाक्यावर त्यांनी फ्लेक्स लावला. वर मोठ्या अक्षरात 'बहिणीला जीवदान देणारा गडबचा सुपुत्र', खाली गॉगल लावलेला किशोर, आणि कडेने शुभेच्छुकांचे लहान लहान फोटो. माझा फोटो कुठेच नव्हता.

रोह्याच्या सेंटरमध्ये तेव्हा जागा नव्हती म्हणून मी डायलिसिसला पेणला जायची, आठवड्यातून तीन वेळा. नागोठणे, गडब, वडखळ, पेण. त्यामुळे जाता-येता मला माझं माहेरही लागायचं आणि तो फ्लेक्सही. सुरुवातीला मी एसटीच्या खिडकीतून त्याच्याकडे बघून हात जोडायची. शेजारच्या बायकांना सांगायची, हा माझा भाऊ.

सगळ्या तपासण्या झाल्या. त्याचं रक्त जुळलं, किडन्या उत्तम निघाल्या. ऑपरेशनची तारीखही जवळजवळ ठरली. मी श्रुतीला वर्षभर पुरेल असं घरचं शिकवायला लागले, कुठल्या डब्यात काय आहे, कुणाचं कापड कपाटात कुठे आहे.

मग एका रविवारी किशोर रोह्याला आला. चहा केला तो त्याने घेतला नाही. चपला पायातच होत्या. म्हणाला, "बाय, मला नाय जमणार. पोरं लहान हायेत. रेश्मा नको म्हणते."

रेश्मा म्हणजे त्याची बायको. मी विचारलं, तू काय म्हणतोस. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसला आणि उठून गेला.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगते. नाही म्हणायचा हक्क त्याला होता. पोटातला अवयव काढून देणं ही काही वाटीभर साखर देण्यासारखी गोष्ट नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पहिल्या दिवशी नाही म्हणाला असता तर मी त्याला एक शब्द बोलले नसते. त्याने मला महिनोन्‌महिने जगायची आशा लावली आणि मग चपला न काढता ती परत घेऊन गेला. तरीही कदाचित मी गिळलं असतं. पण चार दिवसांनी आईचा फोन आला.

"बाय, काय गो नशीब," आई म्हणाली. "किशा रडतोय. डॉक्टरांनीच नाय म्हटलं त्याला. त्याच्या किडनीत खोट निघाली म्हणे."

मी विचारलं, असं कोण म्हणालं. आई म्हणाली, तोच सांगत होता, सगळ्या आळीला सांगितलंय, लोक येऊन त्याला धीर देतायत.

माझ्या किडन्या गेल्या होत्या आणि लोक त्याला धीर देत होते.

मी आईला खरं सांगितलं नाही. दयेने गप्प बसले असं कुणाला वाटायला नको. मला ते राखून ठेवायचं होतं. योग्य वेळी, योग्य माणसांसमोर काढायचं होतं.

बाजूचा पलंग

पेणच्या सेंटरमध्ये माझ्या बाजूच्या पलंगावर गुप्ते बाई असायच्या. पेणमध्येच राहायच्या, शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या, लग्न न केलेल्या. अंगाने काडी, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. सिस्टरने सुई नीट टोचली नाही तर तिला व्याकरणाची चूक दाखवावी तशी दाखवायच्या.

डायलिसिसचं रुटीन साधं असतं. आधी वजन, मग हातात दोन सुया, मग चार तास छताकडे बघणं. एसी इतका गार की घरून गोधडी आणावी लागते. पाणी मोजून प्यायचं. मला तर स्वप्नातसुद्धा नळ दिसायचे. तिसऱ्या तासाला पायात गोळे यायचे, आणि बीपी खाली गेलं की डोळ्यांपुढे पिवळं पिवळं व्हायचं.

किशोर नाही म्हणून गेला त्यानंतरच्या पहिल्याच डायलिसिसला मी रडत होते. समोरच्या पलंगावरचे काका म्हणाले, ताई, जाऊ द्या, ज्याचं त्याच्याजवळ. सिस्टर म्हणाली, राग धरू नका, बीपीला चांगलं नाही. गुप्ते बाई पलीकडून म्हणाल्या, "का धरू नये? चांगला मोठा राग आहे तिचा. कुणावर आहे गं? मला पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं. त्यांनी मधे एकदाही 'जाऊ दे' म्हटलं नाही. फ्लेक्सचं ऐकून त्यांनी गोधडीत तोंड घालून हसून घेतलं. मग म्हणाल्या, "तो फ्लेक्स काढू देऊ नकोस."

मिस्टर खरंच तो काढायला निघाले होते. मी त्यांना थांबवलं. किशोरला गाडी घेऊन दिवसातून चारदा तिथून जावं लागायचं. मला तो तिथेच हवा होता. उन्हाने त्याच्या गॉगलचा रंग उडाला, एक कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडायला लागला, आणि मी दर खेपेला खिडकीतून बघून घ्यायची की अजून आहे ना. पावसाळ्यात तो गेला तेव्हा मला हळहळ वाटली.

गुप्ते बाईंचाही एक राग होता. त्यांना बघायला आलेल्या मुलाने त्यांच्या धाकट्या बहिणीला पसंत केलं होतं आणि बहिणीने एका शब्दानेही त्यांना न विचारता होकार दिला होता. या गोष्टीला आता चाळीसच्या वर वर्षं झाली होती. तो मुलगा म्हातारा होऊन वारलासुद्धा. मी विचारलं, अजून राग आहे?

"अजून," त्या म्हणाल्या. "दिवाळीला चकल्या पाठवते ती. तिच्या चकल्या नेहमी कडक होतात."

खाता का, मी विचारलं. म्हणाल्या, खाल्ल्याशिवाय कडक आहेत हे कळणार कसं.

चार तास आम्ही दोघी सूड रचत पडायचो. किशोरच्या गाडीवर 'बहिणीला फसवणारा' असं रंगवायचं. मंडळाला पत्र लिहून शाल परत मागायची. त्याच्या पोरांच्या वाढदिवसांना जाऊन जेवणाला नावं ठेवायची. माझं बीपी खाली गेलं की गुप्ते बाई सिस्टरला म्हणायच्या, सलाइन राहू दे, भावाचं नाव काढ. आणि खरं सांगते, त्या दिवसांत मी जेवत होते ती या रागावर. अन्नाला चव नव्हती, मीठ नव्हतं, सुकट बंद, नारळपाणी बंद. पण मला टिकून राहायचं होतं. मी मेले असते तर माझ्या दहाव्याला किशोर सगळ्यात पुढे बसून रडला असता, आणि लोकांनी त्यालाच सावरलं असतं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं.

पोपटी

थंडीत आईने निरोप पाठवला. मुंबईहून काका येणार होते, शेतावर पोपटी लावायची होती, मीही यावं. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी मडक्यात भरून, भांबुर्डीचा पाला घालून, वर जाळ करून भाजतात. मला पथ्यामुळे त्यातलं चार शेंगांपलीकडे काही चालत नव्हतं. मी गेले. मिस्टर म्हणाले, तुला तिथे त्रास होईल. मी म्हटलं, बघू कुणाला होतो.

ऊन उतरलं होतं. मळ्यात सतरंज्या टाकल्या होत्या, मडकं जाळात होतं. आळीतली बरीच माणसं आली होती. किशोरने मला लांबून बघितलं आणि जाळाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. रेश्मा कांदा कापत होती, तिने मान वर केली नाही.

काकांनी माझी चौकशी केली. मग किशोरला जवळ बोलावून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तू तुझं केलंस रे. बहिणीच्या नशिबात नव्हतं, त्याला तू काय करणार."

मी किशोरकडे बघत होते. मनात म्हणत होते, गप्प राहा. गप्प राहिलास तर कदाचित मीही राहीन.

तो म्हणाला, "मी तयारच होतो काका. डॉक्टर नाय म्हणाले."

"डॉक्टर नाय म्हणाले," मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. "डॉक्टर हो म्हणाले. तुझी किडनी चांगली निघाली. तू माझ्या घरी येऊन नाय म्हणालास. चपला घालून. तारीख ठरली होती, काका. आणि वडखळला फ्लेक्स लागला होता."

मडक्यात शेंग फुटली त्याचा आवाज आला. किशोरचं तोंड जाळाच्या उजेडातही पांढरं दिसत होतं. आईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं होतं ती त्याला विचारेल. ती मला म्हणाली, "हे आजच बोलायचं होतं तुला?"

किशोर गाडी घेऊन निघून गेला. आम्हीही निघालो. पोपटी कुणी खाल्ली, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पेणला मी गुप्ते बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. तोंड कसं झालं त्याचं, काका काय म्हणाले, बायकोने सुरी खाली ठेवली का. मी रंगवून सांगितलं. त्या दिवशी मला गोळे आले नाहीत.

मग घरी गेल्यावर मला कळलं की आई माझा फोन उचलत नाही. एक दिवस, दोन दिवस, मग मी मोजायचं सोडून दिलं. रेश्माचा मात्र फोन आला. म्हणाली, "ताई, गावात तोंड दाखवायला जागा नाय ठेवलीत. पोरांना शाळेत चिडवतात." मी म्हटलं, खोटं मी सांगितलं नव्हतं. तिने फोन ठेवला. सूड घेतल्यावर कसं वाटतं, असं मला पुढे काही पेशंटनी विचारलं आहे. छान वाटतं. फार वेळ टिकत नाही, पण छान वाटतं.

चकल्या

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी सेंटरला गेले तर गुप्ते बाईंच्या पलंगावर स्वच्छ चादर होती. आमच्या खोलीत असं स्वच्छ दिसलं की कुणी काही विचारत नाही. सिस्टर माझ्या हाताला सुई लावताना म्हणाली, घरीच गेल्या, झोपेत. मी त्या दिवशी चार तास भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माझ्या बाजूने रागावणारं जगात एकच माणूस होतं.

पुढच्या खेपेला एक म्हातारी बाई सिस्टरांना भेटायला आली. गुप्ते बाईंसारखंच नाक. बहीणच ती. त्यांची गोधडी न्यायला आली होती. सिस्टरने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की यांच्याशी त्यांचं फार जमायचं. ती माझ्यापाशी आली, उभीच राहिली, आणि विचारलं, "ताई माझ्याबद्दल कधी काही बोलायची का हो?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "रोज बोलायच्या."

तिने गोधडी तोंडाला लावली. काय बोलायची ते तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. जाताना ती एवढंच म्हणाली की यंदाच्या चकल्यांचा डबा रिकामा मिळाला.

मी नाही म्हटलं

होळीच्या सुमाराला किशोर आमच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्ट अंगावर ढगळ झालेला. यावेळी चपला काढून आत येऊन बसला. मिस्टर शिफ्टवरून नुकतेच आले होते, श्रुती आत होती.

"बाय, मी देतो," तो म्हणाला. "चल, तारीख घेऊ."

मिस्टर पटकन उठले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरले नाही. श्रुती दारात येऊन उभी राहिली. मी किशोरकडे बघत होते. त्याचे ओठ सुकले होते. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. लहानपणी दंडावर लस टोचायला नर्स यायची तेव्हा तो असाच बसायचा.

मी विचारलं, रेश्माला सांगितलंस? म्हणाला, नाय. गावातलं कुणी काही म्हणालं? म्हणाला, सगळेच म्हणतात.

तेव्हा मी म्हटलं, "मला तुझी किडनी नको."

मिस्टर म्हणाले, काय बोलतेस, कळतंय का. मला कळत होतं. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलची कमिटी देणाऱ्याला एकट्याला बसवून विचारते, मनापासून देताय ना. तिथे तो दुसऱ्यांदा मोडला असता आणि मीही. आणि समजा नसता मोडला, तरी लोकांच्या भीतीने काढून दिलेली ती किडनी मला पोटात घेऊन फिरावी लागली असती. प्रत्येक घोट पाण्याला त्याचे आभार मानावे लागले असते. मला त्याचे आभार मानायचे नव्हते. यात किती समज होती आणि किती सूड, ते मला आजही सांगता येत नाही. एवढं आठवतं की 'नको' म्हणताना मला खूप मोठं वाटलं. नाही म्हणायची पाळी माझी होती.

किशोर रडायला लागला. मला वाटतं, सुटल्याच्या आनंदानेच. ते बघून माझं डोकं पुन्हा फिरलं. इतक्या स्वस्तात मी त्याला सोडणार नव्हते.

"रडून भागायचं नाय," मी म्हटलं. "शिफ्टची माणसं कंपनीत सोडलीस की इथे यायचं. मला पेणला न्यायचं, परत आणायचं. दर खेपेला. आणि बाहेर टपरीवर नाय बसायचं. आत, माझ्याजवळ बसायचं. सुया लागताना बघायचं."

"बाय, मला रक्त नाय बघवत."

"म्हणूनच," मी म्हटलं.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. मिस्टर कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. श्रुती म्हणाली, आई, तू आमचा विचार केलास का. माझं नाव सरकारी यादीत आहे, अनोळखी माणसाची मिळाली तर मिळेल, एवढंच मी म्हटलं. त्या आठवड्यात मला माझीच खूप भीती वाटली.

आत, माझ्याजवळ

किशोर आला. पहिल्या दिवशी सिस्टरने सुई उचलली आणि तो भिंतीवरून घसरत खाली बसला. त्याला साखरपाणी द्यावं लागलं. समोरच्या पलंगावरचे काका हसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

दुसऱ्या खेपेला त्याने डोळे मिटले. मी म्हटलं, उघड. त्याने उघडले. माझं रक्त नळीतून मशिनमध्ये जाताना आणि परत येताना त्याने बघितलं. म्हणाला, "सगळं बाहेर येतं?" मी म्हटलं, सगळं, पुन्हा पुन्हा.

आम्ही बोलत नव्हतो. मी गाडीत मागच्या सीटवर बसायची, तो पुढे. गडब आलं की तो गाडी जरा हळू करायचा, मी म्हणायची, चल. असे उन्हाळा आणि पाऊस गेले. हळूहळू तो सुया काढल्यावर माझ्या हातावर कापूस दाबून धरायला शिकला, कारण सिस्टरांना घाई असायची. गोधडी पायाकडून नीट खोचायला शिकला. माझं वजन त्याला माझ्या आधी पाठ असायचं. पाणी जास्त झालं असेल तर गाडीत बसतानाच ओळखायचा आणि म्हणायचा, काल काय प्यालीस गो. माझ्या मिस्टरांनासुद्धा ते ओळखता यायचं नाही.

एकदा बीपी फार खाली गेलं. मला एवढंच आठवतं की छताचा पंखा लांब लांब गेला. शुद्ध आली तेव्हा सिस्टर सलाइन सोडत होत्या आणि किशोर माझे दोन्ही पाय स्वतःच्या छातीशी उंच धरून उभा होता. त्याला कुणी तसं सांगितलं होतं की त्याने आपणच धरले, माहीत नाही. तो मोठमोठ्याने माझं नाव घेत होता. बाय नाही, लहानपणी घ्यायचा तसं, नाव. सिस्टर म्हणाली, झालं, आल्या त्या, ठेवा आता पाय खाली. तो ठेवेना.

त्या दिवशी परत येताना गडबला त्याने न विचारता गाडी आत घातली. मी 'चल' म्हटलं नाही. आई ओट्यावर भात पाखडत होती. तिने मला बघितलं, सूप ठेवलं, आणि आत जाऊन पेल्यात अगदी बोटभर पाणी घेऊन आली. मला किती चालतं ते तिला किशोरने सांगून ठेवलं होतं. पोपटीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. रेश्माने चहा केला, माझ्यासाठी अर्धा कप. आम्ही सगळे पावसावर आणि भातावर बोललो.

माझं नाव अजून यादीत आहे. फोन वाजला की अजून हातातलं टाकून धावते. सुया टोचायला हातात शीर जोडून केलेला फिस्टुला चालू आहे, बाकी चालू आहे. मी पुन्हा ब्लाउज शिवते, थोडे, डायलिसिस नसेल त्या दिवशी. बाजूच्या पलंगावर आता हमरापूरचा एक माणूस असतो, गणपती रंगवणारा. तो शांत आहे, त्याला कुणाचाच राग नाही. त्याचंही डायलिसिस नीट चालतं, हेही सांगायला हवं.

किशोरला मी माफ केलेलं नाही. लोकांना वाटतं केलं, कारण तो दर खेपेला दिसतो. गेल्या आठवड्यात पेणहून येताना नागोठण्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, गाडी बराच वेळ उभी होती. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"बाय, एक विचारू? माझी शिक्षा संपायची कधी?"

"मी मेल्यावर," मी म्हटलं.

पुढची गाडी हलली. त्याने गिअर टाकला.

"मग लांबू दे," तो म्हणाला.

मला हसू येत होतं. मी खिडकीकडे तोंड केलं. ते त्याला दिसू द्यायची माझी अजून तयारी नाही.